वारा, दगड आणि ब्रेक : डच पवनचक्की चालवायला शिकताना

नेदरलँड्समध्ये आज हजार-बाराशे जुन्या पवनचक्क्या उभ्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ही संख्या नऊ-दहा हजारांच्या घरात होती. पुढे वाफेचे, मग तेलाचे आणि शेवटी विजेचे यंत्र आले आणि वाऱ्यावर पोट भरणारा हा धंदा दोन-तीन पिढ्यांत बसला. किंडरडाइकला रांगेने उभ्या असलेल्या ज्या 19 पवनचक्क्यांचे फोटो आपल्याकडच्या प्रत्येक सहल कंपनीच्या माहितीपत्रकावर असतात, त्या पाणी उपसणाऱ्या आहेत. मी ज्या प्रकारची पवनचक्की चालवायला शिकले ती धान्य दळणारी, म्हणजे आपल्या अर्थाने खरीखुरी गिरणी आहे. तिचे काम शिकण्याची रीत काय असते, त्यात काय काय करावे लागते आणि मला त्यातले काय महत्त्वाचे वाटले, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

माझ्या वडिलांची कराडला पिठाची गिरणी होती. मोटरचा पट्टा, डब्यांची रांग, दगडांना टाकी लावायच्या (छिन्नीने त्यांच्या खाचा पुन्हा पाडायच्या) दिवशी अर्धे बंद ठेवलेले शटर हे सगळे पाहत मी वाढले. नोकरीनिमित्त लायडनला आल्यावर स्टेशनबाहेर पडताच समोर दिसणारी ‘द फाल्क’ ही विटांची उंच पवनचक्की रोजच्या वाटेवरची झाली. 1743 साली बांधलेल्या या गिरणीत शेवटचा गिरणीवाला 1964 मध्ये वारला आणि दोन वर्षांनी तेथे संग्रहालय झाले. आत गेल्यावर खालच्या मजल्यांवर त्याच्या कुटुंबाची राहती खोली, स्वयंपाकघर आणि वर धान्याचे व दगडांचे मजले अशी रचना दिसते. आमचे आप्पा एकदा येथे आले होते तेव्हा ते त्या खोल्यांकडे ढुंकूनही न पाहता सरळ दगडांच्या मजल्यावर गेले, वरच्या दगडाच्या कडेवरून हात फिरवला आणि एवढेच म्हणाले, ‘‘टाकी चांगली लावलीय.’’ हे शिकायचे असे माझ्या मनाने त्या दिवशी घेतले.

शिकवण्याची व्यवस्था येथे पक्की आहे. जुन्या वास्तू वाचवण्यासाठी ‘द होलांडसे मोलन’ ही संस्था 1923 सालीच निघाली होती, पण पुढच्या काही दशकांत एक गोष्ट लक्षात आली की नुसती डागडुजी केलेली, न फिरणारी पवनचक्की फार टिकत नाही. लाकडात कीड शिरते, दाते वाळून सैल होतात, पावसाचे पाणी एकाच जागी मुरत राहते. पोटापाण्यासाठी गिरणी चालवणारे गिरणीवाले तर संपतच आले होते. म्हणून 1972 साली स्वयंसेवी गिरणीचालकांचा संघ स्थापन झाला आणि हौशी माणसांना शिकवून, परीक्षा घेऊन, त्यांच्या हाती गिरण्या देण्याची पद्धत सुरू झाली. 2017 मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत या गिरणीचालकांच्या कसबाचा समावेश केला. नेदरलँड्सची त्या यादीतली ती पहिलीच नोंद होती. वास्तूंना मान मिळतो हे नवे नाही, पण ती वास्तू चालवणाऱ्या हातांना तो मिळाला, हे मला अधिक योग्य वाटते.

संघाचे सभासद व्हायचे, अभ्यासाचे पुस्तक घ्यायचे, जवळच्या गिरणीवर एखादा अधिकृत प्रशिक्षक गाठायचा आणि कामाच्या तासांची वही ठेवायला सुरुवात करायची. किमान 150 तास प्रत्यक्ष काम आणि तेही वर्षाच्या सगळ्या ऋतूंत, अशी अट आहे. तेवढ्यात शिकून होते असे मात्र कोणीच मानत नाही. अभ्यास आणि परीक्षा दोन्ही डच भाषेत असल्यामुळे कामचलाऊ डच पुरत नाही. मला लायडनपासून सायकलवर जाता येईल अशा एका गावातली गिरणी मिळाली. तेथले प्रशिक्षक निवृत्त शाळामास्तर होते. येथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, पण त्यांच्या वयाच्या आणि विद्येच्या माणसाला अरे-तुरे करणे मला जमेना. म्हणून मनातल्या मनात, आणि आता या लेखातही, मी त्यांना उस्ताद म्हणते.

पहिले कित्येक शनिवार उस्तादांनी मला पात्यांच्या दोरीला हात लावू दिला नाही. गिरणी पायापासून टोपीपर्यंत, म्हणजे माथ्यावरच्या वळणाऱ्या भागापर्यंत, पाठ करायची, हे पहिले काम. आमची गिरणी सज्जाची आहे. आजूबाजूला घरे असली की वारा अडतो, म्हणून गिरणी उंच बांधायची आणि पात्यांपर्यंत हात पोचावा यासाठी तिच्या मध्यावर चहूबाजूंनी लाकडी सज्जा काढायचा, ही शहरगावांतली जुनी तोड. स्खीडाम गावात जिनेव्हर या मद्यासाठी धान्य दळणाऱ्या गिरण्या याच कारणाने आभाळाला भिडल्या. तेथली 1803 सालची ‘द नोर्ड’ टोपीपर्यंत 33 मीटरांहून उंच असून पारंपरिक पवनचक्क्यांत ती जगात सर्वांत उंच मानली जाते. आमची तेवढी उंच नाही, पण आतल्या शिड्या तितक्याच उभ्या आहेत आणि कठड्याऐवजी एक दोर लोंबत असतो.

टोपीत पोचल्यावर मुख्य आस दिसतो. हा ओतीव लोखंडाचा, किंचित मागे कललेला दांडा पात्यांचे सगळे ओझे पेलतो. त्याच्या तोंडाशी ओतशाळेचे नाव आणि साल उठवलेले असते. हेगच्या ‘प्रिन्स फान ओरान्ये’ ओतशाळेतले असे आस देशभर सापडतात. आसावर माणसाहून मोठे लाकडी दातेरी चाक बसवलेले असते आणि ते खालच्या उभ्या दांड्यावरच्या लहान चाकाला फिरवते. उभा दांडा मजले भेदून खाली उतरतो, त्याच्या पायथ्याशी पुन्हा एक मोठे दातेरी चाक आणि त्याला भिडणारे दगडाचे लहान चाक. या दोन टप्प्यांमुळे पात्यांचा एक फेरा होईपर्यंत वरचा दगड सहा-सात फेरे घेतो. चाकांचे दाते लाकडाचे असतात आणि त्यांना मधमाश्यांचे मेण चोळतात. आसाच्या मानेला मात्र डुकराची चरबी लागते, कारण दाब आणि घर्षण वाढून मान तापू लागली की ती हवी तेवढीच वितळते. माळकरी घरातल्या मुलीने चरबीच्या डब्यात बोटे घालावीत यावर आईचे काय म्हणणे पडले असते ते मी तिला विचारले नाही. काम संपले की साबणाने हात धुते, एवढेच.

त्यानंतर वारा. गिरणीचे तोंड वाऱ्याकडे वळवणे हे दिवसातले पहिले खरे काम आणि ते दिवसभर संपत नाही. टोपीतून मागच्या बाजूला तुळयांचे एक शेपूट सज्जापर्यंत खाली आलेले असते; त्याच्या टोकाला चाक, त्या चाकावर साखळी. साखळीचा आकडा सज्जातल्या खुंट्यांमध्ये अडकवून चाक पायाने आणि हाताने फिरवले की अनेक टनांची टोपी, आस, पाती यांच्यासकट कुरकुरत वळू लागते. वारा नेमका समोरून हवा. तो तिरका आला तर पाती लंगडत फिरतात, आणि मागून आला तर मोठाच धोका असतो, कारण सगळी रचना पुढून येणारा दाब सोसण्यासाठी बांधलेली आहे. म्हणून वाऱ्याची दिशा बदलते आहे का याकडे लक्ष ठेवणे हे दळण्याइतकेच काम आहे. उस्ताद गप्पा मारताना समोरच्या माणसाकडे कमी आणि चर्चच्या कळसावरच्या कोंबड्याकडे जास्त बघत असत. प्रथम मला तो उद्धटपणा वाटला होता. काही महिन्यांनी घरी पाहुणे आले असताना मीसुद्धा खिडकीबाहेरच पाहते आहे, असे नवऱ्याने लक्षात आणून दिले.

पाती चार, म्हणजे एकमेकांना छेदणारे दोन लांब दांडे. दांड्याच्या एका अंगाला फळ्या आणि दुसऱ्या अंगाला लाकडी जाळी असते. या जाळीवर कापडी शीड पसरायचे. बंद गिरणीवर शिडे दांड्याला पिळून गुंडाळलेली असतात. एक पाते खाली सज्जाशी आणून ब्रेक लावायचा, जाळीची शिडी करून काही मीटर वर चढायचे, शीड सोडून आकड्यांना अडकवायचे, खाली येऊन दोऱ्या ताणून बांधायच्या, ब्रेक सोडून पुढचे पाते खाली घ्यायचे. असे चारदा. वाऱ्याच्या जोराप्रमाणे शीड पूर्ण, अर्धे किंवा त्याहूनही कमी लावता येते, आणि जोर फार असेल तर एकही न लावता, ‘उघड्या पायांनी’ गिरणी फिरवतात. समोरासमोरची पाती मात्र सारखी हवीत. पावसात भिजलेले शीड वाळवल्याशिवाय गुंडाळले की ते कुजते, त्यामुळे ऊन पडले म्हणून केवळ शिडे वाळवायला गिरणीवर जाण्याचे प्रसंगही येतात. नोव्हेंबरातल्या ओल्या, काकडलेल्या बोटांनी त्या दोऱ्यांच्या गाठी सोडवणे हे या छंदाचे सर्वांत अप्रिय अंग आहे आणि त्याबद्दल पुस्तकात फारसे काही लिहिलेले नाही.

वेग मोजण्याची रीत सोपी आहे. मिनिटाला किती पाती सज्जासमोरून गेली ते मोजायचे; त्या एककाला ‘एंड’ म्हणतात. 60 एंड म्हणजे मिनिटाला 15 फेरे. आकडा लहान वाटतो, पण पात्यांचा घेर 24 मीटर व्यासाचा धरला तर टोकाचा वेग ताशी 65-70 किलोमीटर होतो, आणि ते टोक सज्जाच्या फळ्यांवरून हातभर अंतराने जात असते. फिरत्या पात्यांच्या बाजूला अडसर लावल्याशिवाय ब्रेक सोडायचा नाही हा नियम म्हणूनच कोणी मोडत नाही. बाहेरून, समोरून पाहिले तर ही पाती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात.

आता ब्रेक. टोपीतल्या मोठ्या दातेरी चाकाभोवती लाकडी ठोकळ्यांचा एक पट्टा असतो आणि तो आवळणारी जड तुळई. तुळई आपल्या वजनाने खाली आली की पट्टा आवळला जातो. ती उचलून आत आकड्याला टांगली की चाक मोकळे. हे सगळे सज्जातून एका दोरीने करायचे असते. सोडताना दोरीला एक झटका पुरतो. लावताना मात्र तुळई हळूहळू टेकवायची, पात्यांचा जोर जोखत दाब वाढवायचा, आणि वाऱ्याच्या दोन झोतांमधली ढिली वेळ हेरायची. दाब एकदम दिला तर लाकडी दाते, दांडे, आस सगळ्यांना हिसका बसतो. फार वेळ घासत ठेवला तर लाकडावर लाकूड तापून पेट घेऊ शकते. वाऱ्याने उधळलेली गिरणी ब्रेकला जुमानेनाशी झाल्यावर जळून गेल्याच्या कथा जवळपास प्रत्येक प्रांतात आहेत. आप्पांच्या गिरणीत एक खटका खाली केला की पट्टा थांबत असे. येथे थांबवणे हीच विद्या आहे, हे मला या दोरीने शिकवले. सुरू करायला वारा असतोच; थांबायचे केव्हा हे ठरवणारा माणूस लागतो, आणि शिक्षणाचा निम्म्याहून अधिक भाग त्या ठरवण्याचा आहे.

म्हणूनच अभ्यासक्रमात हवामानशास्त्राला एवढी जागा दिली आहे. डच हवामान संस्थेचे संस्थापक बाउस बॅलट यांचा नियम आम्हाला पहिल्याच धड्यात होता: वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की कमी दाबाचे क्षेत्र डाव्या हाताला असते. नकाशावरच्या समदाब रेषा वाचणे, उष्ण आणि शीत आघाडी ओळखणे, आघाडी सरकल्यावर नैर्ऋत्येचा वारा वायव्येकडे कसा उडी मारतो हे समजून घेणे हे पुढचे धडे. मोबाइलवर पावसाचे रडार सगळेच पाहतात. उस्ताद मात्र आधी ढग बघायला लावत आणि माझा अंदाज झाल्यावरच मोबाइल काढू देत.

मार्चमधला एक दुपारचा प्रसंग सांगते. आकाश बरेचसे निळे, वाऱ्याचा जोर बोफर्ट मापावर पाचच्या आसपास, दोन पात्यांवर अर्धी शिडे, गिरणी 65 एंडांवर छान लागलेली, खाली पोते भरत आलेले. पश्चिमेला क्षितिजालगत एक ढग होता. वरचा कडा फुलकोबीसारखा स्पष्ट आणि खालचा भाग सपाट, शाईच्या रंगाचा. उस्तादांनी विचारले, ‘‘किती वेळ आहे?’’ मी अर्धा तास म्हटले. ते म्हणाले, ‘‘मग दहा मिनिटांत बंद करू.’’ पोते अर्धवट ठेवून दगड कामातून सोडवला, ब्रेक टेकवला, चारही पाती एकेक करून खाली घेतली, शिडे पिळून बांधली, पात्याला साखळी घातली, वीजवाहक तार पात्याला जोडली. वीज पडली तर ती जमिनीत उतरावी म्हणून ही तार उभ्या गिरणीला न चुकता जोडावी लागते आणि सुरू करण्यापूर्वी तेवढ्याच न चुकता काढावी लागते. आम्ही आत येऊन दार लावले तोवर ऊनच होते. रस्त्यावरून जाणाऱ्या एका गृहस्थांनी वारा एवढा छान असताना बंद का केली असे विचारलेसुद्धा. पुढे काही मिनिटांतच गारा आल्या आणि त्यांच्यापुढे असा झोत आला की बांधलेली पातीसुद्धा साखळीत करकरली. उस्ताद चहा गाळत होते. त्या दिवसाच्या वहीत माझ्या कामाचे तास नेहमीपेक्षा कमी भरले, पण सही करताना त्यांनी शेरा लिहिला: ‘वेळेवर थांबली.’

दळण्याकडे आम्ही बऱ्याच उशिरा आलो. पोती तळमजल्यावर येतात आणि वाऱ्यावरच चालणारा दोराचा रहाट त्यांना झडपांच्या दारांमधून वर ओढून नेतो. पोते वर जाताना झडप उघडते आणि ते गेले की आपोआप पडते. हॉपरमधून, म्हणजे दगडांवरच्या धान्याच्या पेटीतून, गहू हलत्या पन्हळीवर, पन्हळीतून दगडाच्या डोळ्यात, म्हणजे मधल्या भोकात. ही पन्हळ फिरत्या दांड्याच्या ठोक्याने हलते, त्यामुळे गिरणी जोरात तर वैरण जास्त आणि मंद तर कमी, असा मेळ आपोआप राहतो. पण वेग वाढला की पीठ जाडसर पडू लागते, म्हणून दगड जवळ आणावे लागतात. काही गिरण्यांत हे काम गोळ्यांचा फिरता नियंत्रक करतो, आमच्याकडे तोही आहे आणि हाताची दोरीही. वरचा दगड दीड मीटर व्यासाचा आणि दीड टनाच्या आसपास; तो लाकडी तुळईच्या टोकावर तोललेला असतो, आणि ती तुळई दोरीने इतकी बारीक वरखाली करता येते की कागदाच्या जाडीचा फरक पिठात कळतो.

तो कळून घ्यायचा अंगठ्याने. पिठाच्या नळीखाली हात धरायचा, आलेले पीठ तर्जनीवर घेऊन अंगठ्याने पुढे सारायचे. कोंडा पातळ, रुंद आणि चपटा लागला पाहिजे, मधले पीठ मऊ पण किंचित रवाळ. कोंड्याचे तुकडे टोचले तर दगड बोथट झाले आहेत किंवा वैरण कमी पडते आहे. पीठ गरम लागले तर दगड फार जवळ आले. पहिल्यांदा अंगठा फिरवला तेव्हा मला हे शिकावेच लागले नाही. डब्यातले पीठ चिमटीत घेऊन ‘जरा बारीक करा हो’ म्हणणाऱ्या कराडच्या बायकांकडून मी ते लहानपणीच उचलले होते. वैरण संपून दगड कोरडे घासू लागले तर ठिणग्या उडतात, आणि पिठाच्या धुरळ्याने भरलेल्या लाकडी इमारतीत ठिणगी परवडत नाही. म्हणून हॉपरमध्ये एक पट्टी गव्हाखाली दाबलेली असते आणि गहू उतरला की ती सुटून घंटा वाजते. संपूर्ण मजला थरथरत असताना त्या घंटेचा आवाज नेमका कानात येतो.

टाकी लावण्याचे काम आम्ही हिवाळ्यात, वारा पडलेल्या आठवड्यांत केले. दगड येथे तीन जातींचे भेटतात: जर्मनीच्या आयफेल डोंगराळ भागातला निळसर ज्वालामुखी दगड, फ्रान्समधला गारगोटीचा, आणि सिमेंटात कठीण खडे मिसळून ओतलेला कृत्रिम. आमचे कृत्रिम आहेत. स्क्रूच्या यारीने वरचा दगड उचलायचा, हवेतच उलटा करायचा आणि पाठीवर निजवायचा. दीड टन वजन दोन खिळींवर फिरताना पाहिले की बोलणे आपोआप बंद होते. मग लाकडी सरळपट्टीला लाल रंग लावून ती दगडावरून फिरवायची. जेथे रंग लागेल तेथे दगड उंच. तेवढाच भाग टाकीने उतरवायचा. शेवटी मधून कडेकडे जाणाऱ्या पन्हाळ्या खोल करायच्या आणि त्यांच्यामधल्या पट्ट्यांवर बारीक समांतर रेघा पाडायच्या. मनगट ढिले ठेवून हातोडा आपल्या वजनाने पडू द्यायचा, नाहीतर तासाभरात खांदा भरून येतो. आप्पांना व्हिडिओ कॉलवर दाखवले तेव्हा ते म्हणाले, ‘‘रेघा दाट झाल्यात, पण गव्हाला चालतील.’’ उस्तादांचेही मत तेच पडले.

परीक्षेआधी वेगवेगळ्या प्रकारच्या गिरण्यांवर काम करून येणे अपेक्षित असते. लायडनमध्येच कालव्याकाठी ‘द पुट’ ही संपूर्ण लाकडी गिरणी आहे. 1619 साली त्या जागी बांधलेल्या गिरणीची ती 1987 मधली प्रतिकृती. या जातीच्या गिरणीत टोपीच काय, दगडांसकट अख्खे लाकडी घर एका खांबावर वळवावे लागते. याच परिसरात रेम्ब्रांटच्या वडिलांची माल्ट दळणारी गिरणी होती आणि 1606 साली चित्रकाराचा जन्म येथलाच. पाणी उपसणाऱ्या गिरणीवरही काही दिवस काढले. तेथे पीठ नाही, धुरळा नाही, पण पाण्याची पातळी आणि पाटबंधारे मंडळाचा निरोप यांवर लक्ष ठेवावे लागते. मला ते काम जरा कोरडे वाटले.

पाती थांबवण्याच्या जागांनाही अर्थ असतो आणि परीक्षेत तो विचारतात. वरचे पाते सर्वोच्च बिंदूला पोचण्याच्या जरा आधी थांबवले तर ती आनंदाची खूण, ओलांडल्यावर जरा पुढे थांबवले तर शोकाची. जुलै 2014 मध्ये एमएच17 विमानाच्या दुर्घटनेनंतर राष्ट्रीय शोकदिनी देशभरातल्या पवनचक्क्या शोकस्थितीत उभ्या होत्या. आमच्या गावात कोणाचे लग्न असले की आनंदाची खूण दिसते. थोड्या विश्रांतीसाठी पाती अधिकच्या चिन्हासारखी आणि मोठ्या विश्रांतीसाठी गुणाकाराच्या चिन्हासारखी ठेवतात.

परीक्षा प्रत्यक्ष गिरणीवरच झाली. संघाची पूर्वपरीक्षा आधी झालेली होती, त्यामुळे तोंडाला कोरड पडण्याचे खरे तर कारण नव्हते. परीक्षकांनी प्रथम हवामान विचारले: आज दिवसभर काय होईल, आणि कशावरून. नंतर गिरणीची पाहणी करून दोष सांगायचे, टोपी वळवायची, शिडे लावायची, किती लावली आणि का तेवढीच लावली हे सांगायचे, फिरवायची आणि थांबवायची. वारा झोतांचा होता. मी दोन झोत जाऊ दिले आणि तिसऱ्याच्या मागच्या उतारावर तुळई टेकवली. पाती दीड फेऱ्यात थांबली. एका परीक्षकांनी वाट का पाहिली असे विचारले, मी कारण सांगितले, त्यांनी काही न बोलता लिहून घेतले. प्रश्नोत्तरांत वाऱ्याच्या हक्काचाही विषय निघाला. गिरणीभोवतीच्या चारशे मीटरांच्या पट्ट्यात इमारती आणि झाडे किती उंच असावीत याची पथ्ये आहेत, आणि नव्या वसाहतींमुळे ती राखणे अवघड होत चालले आहे. माझ्या मते येत्या काळात जुन्या गिरण्यांना किडीपेक्षा हा धोका मोठा आहे, आणि तसे मी तेथे सांगितलेही.

प्रमाणपत्र मिळाल्यापासून महिन्यातले दोन शनिवार गिरणी माझ्याकडे असतात. लायडन आणि हेगकडची काही मराठी कुटुंबे पीठ न्यायला येतात, म्हणून थोडे उपयोगाचे सांगते. येथला गहू आपल्या सिहोर किंवा लोकवनसारखा वागत नाही. पीठ पाणी कमी पिते आणि कणीक लवकर सैल पडते, म्हणून पाणी बेताने घालावे आणि मळून झाल्यावर अर्धा तास झाकून ठेवावी. कोंडा जाड वाटला तर चाळून घ्यावा. पिठात अंकुराचा भाग असल्यामुळे ते फार दिवस ठेवू नये. भाजणी दळून मिळेल का असे दर वेळी कोणीतरी विचारतेच. मिळत नाही, कारण डाळींचा वास दगडात राहतो आणि पुढच्या ग्राहकाच्या पावात उतरतो.

ज्यांना नुसते पाहायचे आहे त्यांनी मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी यावे. ते राष्ट्रीय पवनचक्की दिवस असतात आणि देशभरातल्या शेकडो गिरण्या उघड्या असतात. इतर दिवशीही गिरणीवर निळे निशाण फडकताना दिसले तर आत या असा त्याचा अर्थ आहे. दगडांच्या मजल्यापर्यंत चढायला कोणी अडवणार नाही; लहान मुलांना सज्जात मोकळे सोडू नये, ओढणी किंवा पदर खोचून घ्यावा, आणि उतरताना शिडीकडे तोंड करून, दोर धरून उतरावे.